ज्वारीच्या डब्यातली अन्नपूर्णा

माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं. साखर डब्यात ओतली की पुडीचा कागद सरळ करायचा, वाचायचा आणि मग चुलीत घालायचा. त्यामुळे अर्ध्या गोष्टी मला माहीत आहेत आणि अर्ध्या चुलीत गेल्या. लिहिते तेही बोलल्यासारखंच. कुणी समोर बसलंय असं धरूनच मी लिहिते.

बार्शीकडच्या आमच्या गावातून मी कर्जतला, म्हणजे कर्जतच्या भिसेगावात आले, त्याला आता दोन वर्षं होतील. हे गेले, वर्षश्राद्ध झालं आणि मुलगा म्हणाला, "आई, आता एकटीनं राहायचं नाही." त्याची नोकरी खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात आहे, सून कर्जतला शाळेत शिकवते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टेंपोत काय घ्यायचं ते घे म्हणाला. मी पाटा-वरवंटा घेतला, शाळूचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचा, मोठा पत्र्याचा डबा घेतला आणि देव घेतले. बाकी सगळं दिलं कुणाकुणाला.

देव मी टेंपोत ठेवले नाहीत. टाक फडक्यात बांधून मांडीवर घेतले आणि अन्नपूर्णा वाटीसकट पिशवीत. ही अन्नपूर्णा अंगठ्याएवढी, पितळेची, हातात पळी. लग्नात आईनं दिलेली. माहेरून लेकीबरोबर अन्नपूर्णा येते आणि ती वाटीत तांदळावर बसवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्याकडे तांदूळ कुठला? सणावाराला पाहुण्यासारखा यायचा. आई म्हणाली होती, "जे घरात पिकतं त्यावर बसव. फक्त दाण्यावाचून ठेवू नकोस." म्हणून माझी अन्नपूर्णा पन्नास वर्षं ज्वारीवर बसली. दर शुक्रवारी वाटीतली ज्वारी बदलायची आणि जुनी दळणात घालायची, असा माझा नेम.

सुनेनं पहिल्या दिवशी पाहिलं आणि म्हणाली, "आई, तांदूळच लागतो ना पण?"

"आमच्यात ज्वारी असते," मी म्हटलं. तेवढ्यावर ती गप्प बसली. गुणी आहे. पण माझ्या मनात नोंद राहिली, की हिला यातलं कळत नाही.

देवघर फ्रीजच्या शेजारी भिंतीवर. मी घंटा वाजवली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. मी आरती हळू म्हणायला लागले, मग मनात म्हणायला लागले, मग कधी कधी अर्ध्यावर विसरायला लागले. गावाकडे उंबऱ्यापासून देवापर्यंत सगळं माझं होतं. इथं देव आले होते, पण पाहुण्यासारखे बसलेत असं वाटायचं. मीही तशीच बसले होते म्हणा. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं, की देव गावातच राहिला आणि मी नुसतं पितळ घेऊन आले. हे मुलाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसांत माझ्याशी दुपारी बोलणारी एकच बाई होती. कडावच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला तिची वाडी. डोक्यावर पाटी घेऊन ती जिने चढून वर यायची. पहिल्यांदा दार उघडलं तर म्हणाली, "तू नवी हायस का गं आजी?"

पोटची पोरं सोडली तर मला तू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. आई गेली, आणि हेही गेले. मला बरं वाटलं. सुनेला ते खटकायचं, पण ती बाई सगळ्यांनाच तू म्हणायची, सुनेलाही आणि खालच्या वॉचमनलाही. मी म्हटलं, देवाला आपण काय म्हणतो? तूच म्हणतो ना.

जूनच्या सुरुवातीला तिनं शेवळं आणली. आमच्याकडे कुणी पाहिलेलीही नाहीत. खाली दांडा आणि वर जांभळट टोक. जुडीवर तिनं मूठभर हिरवी, आवळ्यासारखी फळं टाकली. मला वाटलं, पाटी भरायला काहीतरी कच्चं दिलंय. ती फळं मी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि भाजी केली शेंगदाण्याचा कूट घालून, आमच्या पद्धतीनं. झालं. दोन घास खाल्ले आणि तिघांचेही घसे खाजायला लागले. मुलगा चिंचेचं पाणी पीत बसला, सून आरशात जीभ बघत बसली.

दोन दिवसांनी ती आली तेव्हा मी दारातच धरलं. "काय विष दिलंस गं बाई? माणसं मारतेस का?"

ती पाटी उतरवून पायरीवर बसली. "काकडं घातलीस का न्हाय त्यात?"

"कसली काकडं?"

"ती हिरवी फळं दिली ना मी तुला. त्यांच्या आंबटानं शेवळाची खाज जाते."

"ती? ती टाकून दिली."

"मंग माज्याशी कशाला भांडतेस? जा, कचऱ्याच्या डब्याशी भांड," म्हणाली आणि हसत सुटली. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले. तिनं ठेचून कशी घालायची ते दाखवलं आणि त्या दिवशी भाजी अशी झाली की मुलानं दोनदा मागून घेतली.

हे मी सविस्तर सांगते, कारण एकदा मी तिच्यावर आळ घेतला होता आणि तो खोटा निघाला होता. एवढं होऊनही मी शिकले नाही.

आषाढात माझ्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू. शस्त्रक्रिया पनवेलला करायची आणि पंधरा दिवस तिथंच लेकीकडे राहायचं ठरलं. सून म्हणाली, "आई, देवाचं मी बघते, काळजी करू नका." दिवा लावणं तिला जमलं असतं. पण शुक्रवारी अन्नपूर्णेचे दाणे बदलणं? शाळेच्या गडबडीत ती विसरेल, आणि विसरली तर मला चालणार नाही. तसं तोंडावर बोलण्याचीही चोरी. मग मी काय केलं, गावाकडे घर बंद करून जाताना जुनी माणसं देव धान्यात ठेवतात, तसं केलं. अन्नपूर्णेला नमस्कार केला आणि शाळूच्या डब्यात, मधोमध, कोपरापर्यंत हात आत घालून ठेवून दिली. झाकण लावलं. सुनेला सांगितलं नाही.

सांगितलं नाही यात सगळं आलं. सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की माझा तुझ्यावर भरवसा नाही.

पंधरा दिवसांनी डोळे नवे करून आले. इतकं स्पष्ट दिसायला लागलं होतं की जिन्यातली धूळही आवडली. आधी देवघरापुढे गेले, मग डब्याकडे. डबा जागेवर नव्हता. तो धुऊन गॅलरीत उलटा घातला होता.

"ज्वारी कुठंय?"

"आई, त्यात किडे झाले होते हो," सून म्हणाली. "तळापर्यंत. झुरळांचं औषध मारायला माणूस येणार होता, सगळं स्वयंपाकघर रिकामं करायचं होतं. ती भाजीवाली आली होती, म्हणाली कोंबड्यांना घालीन. मग तिच्या पिशवीत ओतून दिली. तुम्हाला दुसरी आणून देऊ आपण."

मी खाली बसले. अन्नपूर्णा त्यात होती हे सांगितल्यावर ती आधी पांढरी पडली आणि मग रडायला लागली. "मला सांगायचं तरी होतंत. मी हात घालून बघितलं असतं. मला काय माहीत, आई?" तिचं खरंच होतं. पण माझ्या तोंडून तिला एक शब्द बरा निघाला नाही त्या दिवशी.

मुलगा म्हणाला, "येईल ना ती, विचारू." एक आठवडा गेला, दोन गेले. ती आली नाही. आता मला कळतं, की ते लावणीचे दिवस होते. कडावकडच्या शेतांत भाताची लावणी चालली होती आणि वाडीतल्या सगळ्या बाया तिथं मजुरीला वाकलेल्या होत्या. भाजी विकायला कोण येणार? पण मी देशावरची. लावणीला किती दिवस लागतात, त्यात बाई कुठं अडकते, मला काय ठाऊक? मला एवढंच दिसत होतं, की अन्नपूर्णा मिळाल्यापासून ती फिरकलेली नाही.

आमच्या इमारतीत मंगळवारी बायकांचं भजन असतं. तिथं मी बोलले. नुसतं बोलले नाही, पदर डोळ्यांना लावून बोलले. "पितळ बघितलं आणि गिळून बसली," असं म्हणाले. मग एकीला आपली वाळत घातलेली चादर आठवली, दुसरीला जिन्यातली चप्पल. आठ दिवसांत फाटकावर पाटी लागली. फेरीवाल्यांना आत येण्यास मनाई आहे. मी ती पाटी नव्या डोळ्यांनी वाचली आणि मला समाधान वाटलं. तेव्हा वाटलं होतं ते असंच, आता बदलून काय सांगायचं?

श्रावण गेला, गणपती गेले. मी रिकामी वाटी देवघरात ठेवतच होते. किलोभर ज्वारी दुकानातून आणवली होती, तिचेच दाणे शुक्रवारी बदलायचे. वरती कुणीच बसलेलं नाही आणि खालचे दाणे बदलायचे. सून एकदा म्हणाली, "आई, आपण दुसरी अन्नपूर्णा आणू का?" मी म्हटलं, "दुसरी आई आणतेस का?" मग तिनं विषय काढला नाही. पण तेव्हापासून शुक्रवारी ती शाळेत जाण्यापूर्वी माझ्या शेजारी येऊन उभी राहायला लागली. नुसती उभी. मीही काही म्हणायची नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू आणायला मी बाजारात गेले. इकडे दसऱ्याला दाराच्या तोरणात झेंडूबरोबर नव्या भाताच्या लोंब्या बांधतात, त्या घेऊन डोंगरातल्या बाया रस्त्याकडेला बसतात. मी भाव विचारत चालले होते आणि ती दिसली. मी तोंड फिरवलं. चोर ती, आणि तोंड मी फिरवलं, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं.

"ए आजी," मागून हाक आली. "थांब गं. डोळे केलेस ना? मंग दिसत नाय का मी?"

मी थांबले.

"तुजी देवी माज्याकडं हाय."

माझ्या हातातली पिशवी खाली टेकली. ती लोंब्यांच्या जुड्या बांधता बांधताच सांगत होती. "कोंबड्यांना दाणं टाकलं तर कोंबडी टोचते नि ठण वाजतं. बघते तर देवी. तीन येळा आले तुज्याकडं. तो तुमचा राखणवाला आत सोडीत नाय. मी म्हणलं, आजीची देवी घेऊन आलेय. तर म्हणतो, देवी घेऊन खूप जणी येतात, फुडं जा, हिथं भीक मिळत नाय."

"अगं, मग त्याच्याकडे द्यायची."

"त्याच्याकडं कशी दिऊ? तुजी वस्तू तुज्या हातात."

"आत्ता आणलीस?"

"आता नाय. आमचं नवं हाय, नव्या भाताचा निवद झाल्याबिगर घरातला देव भायेर नाय काढायचा. ती पण आता घरातच हाय ना. नवं झालं का मी आणून देते."

"कधी?"

"झालं का."

यापेक्षा जास्त तिनं सांगितलं नाही. मी घरी आले, मुलाला आणि सुनेला सांगितलं. मुलगा म्हणाला, "चल, आत्ता गाडीवर जाऊ, वाडी शोधू, घेऊन येऊ." सून म्हणाली, "हो आई, परत नाहीशी झाली तर?" दोघं माझ्यासाठीच बोलत होते. आणि माझ्याही पायात चप्पल गेली होती, खोटं कशाला बोलू.

पण मग मी उंबऱ्यात थांबले. पन्नास वर्षं त्या वाटीपुढे मी हात जोडले, त्यातून मी शिकले काय मग? जी दिसते तिच्यावर विश्वास ठेवायला काय लागतं? ती हातात असेपर्यंत सगळं सोपं होतं. आता एक बाई म्हणते आहे, आणून देते. तीन वेळा आमच्या फाटकावरून हाकललेली बाई. तिच्या घरात जाऊन, तिच्या निवदाच्या आधी, तिच्या देवातली मूर्ती उचलून आणायची, म्हणजे पुन्हा तिला चोर म्हणण्यासारखंच झालं. मी चप्पल काढली. "ती आणेल," म्हटलं. आवाज काही फार खात्रीचा नव्हता.

मग खाली गेले. वॉचमन खुर्चीत बसला होता. वयस्कर माणूस, शांत.

"तुमच्याकडे एक डोंगरातली बाई आली होती का, देवी घेऊन?"

"आली होती की आजी. दोन-तीन खेपा. मी घालवून दिली."

"का?"

त्यानं फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं. "तुमच्याच बोलण्यावरून तर पाटी लागली, आजी."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यानं नुसतं सांगितलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. म्हणजे माझी अन्नपूर्णा तीन वेळा माझ्या दारापर्यंत आली होती, आणि ती परत जावी याची व्यवस्था मीच करून ठेवली होती. मी वर बसून रिकाम्या वाटीतले दाणे बदलत होते आणि खाली ती उन्हात उभी होती, पाटीत.

मंगळवारी भजनात मी पुन्हा बोलले. यावेळी पदर वगैरे काही नाही. सांगितलं, की मी त्या बाईवर आळ घेतला, तो खोटा आहे, देवी मीच डब्यात ठेवली होती आणि घरात सांगितलं नव्हतं. मग चादरवाली म्हणाली, "माझी चादर पण सापडली हो, नणंदेकडे गेली होती चुकून." पाटीबद्दल मी सेक्रेटरींकडे गेले तर ते म्हणाले, "आजी, लावायला मीटिंग घ्यावी लागली, काढायलाही घ्यावी लागेल." ती मीटिंग अजून व्हायची आहे. पण वॉचमनला मी सांगून ठेवलं, तिला अडवायचं नाही.

दसरा झाला. चार दिवस झाले, सहा झाले. मी दुपारी फाटकापाशी जाऊन बसायला लागले. वॉचमन आपली खुर्ची मला द्यायचा आणि स्वतः कठड्यावर बसायचा. सून शाळेतून आली की विचारायची नाही, नुसती बघायची. सहाव्या दिवशी मी तिला आपणहून सांगितलं, की वाटीतले दाणे कसे बदलायचे, जुने कुठे घालायचे, बाहेरगावी जाताना काय करायचं. ती म्हणाली, "डब्यात ठेवायचं आणि कुणाला सांगायचं नाही, हेही का?" मी म्हटलं, "नाही, तेवढं सोडून." लग्न होऊन आल्यापासून ती मला पहिल्यांदा टोचून बोलली आणि मला ते फार बरं वाटलं.

अकराव्या दिवशी ती आली. डोक्यावर पाटी, पाटीत भोपळ्याची पानं, आणि पदराच्या आत एक फडक्याची गाठ. वॉचमन उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या, देवी घेऊन आलात का?"

"आता या म्हणतोस व्हय," ती म्हणाली. "तवा हाड म्हणत हुतास."

तो ओशाळून हसला. तिनं तिथंच गाठ सोडली. फडक्यात तांबूस नवे तांदूळ, घरीच उखळात कांडलेले, आणि त्यात मधोमध अन्नपूर्णा. पळीच्या टोकाला कोंबडीच्या चोचीचा बारीक ओरखडा आहे, तो अजून आहे.

"तुजं धान कोंबड्यांनी खाल्लं," ती म्हणाली, "म्हून माजं आणलं. रिकामी कशी आणायची? माज्याकडं हुती तवर रोज दोन दाणे घातलेत तिला, उपाशी नाय ठेवली."

मी म्हटलं, "अगं, मी तुला चोर म्हणाले गं. सगळ्यांत म्हणाले."

"म्हायती हाय. ह्यानंच सांगितलं," तिनं वॉचमनकडे मान उडवली. "म्हणाला, आजीची वस्तू तू नेलीस."

"मग तरी आलीस?"

"तू म्हणालीस म्हून ठेवून घेतली असती, तर मंग झाले नसते का गं चोर?" ती म्हणाली आणि पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. "चल वर. च्या कर. जिना चढून दम लागतो तुज्याकडं."

आम्ही वर आलो. तिनं दारातच बसून चहा घेतला, आत ये म्हटलं तरी आली नाही, पाय मातीचे आहेत म्हणाली. देवघर लांबूनच बघितलं. "तुमचा देव कोंडलेला असतो गं," म्हणाली. "आमचा डोंगरात ऱ्हातो, मोकळा." मी म्हटलं, "माझाही तीन महिने फिरून आला की." तिला ते पटलं.

वाटीत माझी दुकानातली ज्वारी तयार होती. ती मी काढून ठेवली आणि तांबडे तांदूळ घातले. जे घरात पिकतं त्यावर बसव, असं आई म्हणाली होती. आता माझ्या घरात काहीच पिकत नाही, तिसऱ्या मजल्यावर काय पिकणार? पण जिथं राहते तिथं भात पिकतो, आणि तो पिकवणारी बाई दारात चहा पीत बसली होती. अन्नपूर्णा ज्या दाण्यांत आली, त्याच दाण्यांवर बसली.

संध्याकाळी सुनेनं पाहिलं. "आई, तांदूळ?"

"इथं तांदूळच लागतो," मी म्हटलं.

ती हसली. हा शुक्रवार तिनं केला, मी नुसती शेजारी उभी होते. तिनं घंटा जोरात वाजवली. समोरचं कुत्रं भुंकलं. तिनं आणखी एकदा वाजवली.